पश्चिमेच्या खिडकीची बकुळ

ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर गाडी वेळेवर लागली तर निमगडे भाऊंचा चेहरा पडतो, असं आम्ही शेजारीपाजारी त्यांना चिडवायचो. ते तिथे कंट्रोलर होते. वेळेवर आलेली गाडी ते एका वाक्यात उरकायचे. गाडी रखडली की मात्र त्यांचा आवाज खुलायचा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वडसामार्गे आरमोरीला जाणारी गाडी अजून आलेली नाही. येनार आहे. कोनी उठून जाऊ नये." यातलं शेवटचं वाक्य कुठल्याही नियमात नव्हतं, ते त्यांच्या पदरचं. बाहेर काळीपिवळी जीपवाले "आरमोरी, आरमोरी" ओरडत सीट भरत असायचे आणि आत म्हाताऱ्या बाया भाऊंच्या शब्दावर गाठोडी धरून बसून राहायच्या. त्यातल्या एकीने एकदा काचेवर टकटक करून विचारलं, "भाऊ, येनार म्हंजे कवा?" भाऊंनी माईक बाजूला सारला आणि म्हणाले, "ते मले मालूम असतं तर मी इथी बसलो असतो का, माय?"

घरातही ते तसेच बोलत. त्यांचं आणि आमचं घर एकाच ठेकेदाराने बांधलेलं, जुळं. मधली भिंत एकच. त्यामुळे सकाळी मला माझ्या चुलीपुढे ऐकू यायचं, "शीलाबाई, डबा अजून लागलेला नाही." शीलाबाई म्हणजे त्यांची बायको. ती उत्तर द्यायची नाही, भांडं आपटायची. मग त्यांची एकुलती एक मुलगी श्रावस्ती बापाचाच आवाज काढायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बाबांचा चष्मा बाबांच्या डोक्यावर आहे." नाव एवढं मोठं म्हणून घरात तिला शावू म्हणत. आम्ही राहायला आलो तेव्हा ती आठवीत होती. हातापायाच्या काड्या, डोळे किंचित पिवळसर, आणि जीभ अशी तिखट की माझ्या शाळेतल्या पोरांना मी तिचं उदाहरण द्यायची नाही, उगाच शिकतील म्हणून.

भिंतीतून आवाज दोन्हीकडे जायचा, हे मला उशिरा कळलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई, माझा नवरा भात गिरणीत. आमचं लग्न पत्रिका बघून झालेलं, गुण घसघशीत जुळलेले. एकदा आमचं कडाक्याचं वाजलं. दुसऱ्या दिवशी भाऊंनी कुंपणावरून अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, किती गुन जुळले होते तुमचे?" मी आकडा सांगितला. "हं," ते म्हणाले, "म्हंजे काल आयकू आले ते उरलेले होते."

जुळवाजुळवीवर त्यांचा दात होता. त्यांच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव आणि पंचांग एका फडक्यात बांधून वैनगंगेत सोडलं होतं. ही गोष्ट भाऊ अशी सांगत की ते स्वतः काठावर उभे होते असं वाटावं. त्या दिवसापासून निमगड्यांच्या घरात लग्नासाठी काही जुळवलं गेलं नाही आणि कोणाचंही अडलं नाही, हा त्यांचा अभिमान. भाऊंच्या लग्नाच्या बैठकीत त्यांची एक चुलत बहीण, जी दवाखान्यात नर्स होती, सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, दोघांचंही रक्त तपासून घ्या. आपल्या लोकांत सिकल फार हाये." भाऊ उठून उभे राहिले. "आमी काहीच जुळवत नसतो," ते म्हणाले, "ना गुन, ना गोत्र, ना रक्त." बैठकीत टाळ्या पडल्या.

सिकलसेल आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही, प्रत्येक गल्लीत एखादं घर असतं. बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं आतून कोणी पिळून काढावीत तशी दुखतात. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात तो लपलेला असला, दोघंही वरून ठणठणीत असले, तरी चारातल्या एका मुलात तो पुरा उतरू शकतो. शावू तान्ही असतानाच तिची बोटं सुजली. मग तिघांच्याही रक्ताची तपासणी झाली आणि भाऊंना कळायचं ते कळलं. दुसरं मूल त्यांनी होऊ दिलं नाही. मला हे सगळं त्यांनी कुंपणाच्या तारेवर हात ठेवून सांगितलं, अगदी गाडी रद्द झाल्याचं सांगावं तसं. "पंचांग फेकलं ते बरोबरच केलं, बाई. आता बी फेकीन. पन त्याच्याच गठ्ठ्यात मी डॉक्टरचं कागूदही फेकून देल्लं."

डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, पोरीला पाणी कमी पडू देऊ नका, आणि उन्हापासून, थंडीपासून जपा. पाण्याचं काम भाऊंनी स्वतःकडे घेतलं. ड्यूटीवरून आले की पायातले बूट काढायच्या आधी स्टीलचा गिलास भरायचे आणि तिच्या मागे लागायचे. "पी. अजून अर्धा." ती पळून आमच्या अंगणात यायची आणि गिलास माझ्या जास्वंदीच्या कुंडीत रिकामा करायची. "मावशी, सांगू नोको हां." मी सांगायची. तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस बोलायची नाही.

पाण्याचं जमलं. उन्हाचं काय करायचं?

घर दोन खोल्यांचं. पुढची रस्त्यावरची, तिच्यात दिवसभर ट्रॅक्टरचा धडधडाट आणि धूळ. मागची शावूची, तिला पश्चिमेला खिडकी. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर ती खोली अक्षरशः भट्टी व्हायची. भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. आमच्याकडे प्रत्येक खिडकीला कूलर असतो, पण कूलरची ती ओली हवा शावूच्या छातीत बसायची आणि दुखणं उठायचं. एसी घ्यावा तर दुपारी विजेचा दाब इतका कमी की पंखासुद्धा रेंगाळायचा. भाऊंनी खिडकीवर हिरवी जाळी बांधली. वैशाखातल्या पहिल्या वावटळीने ती फाडून विजेच्या तारेवर नेऊन टाकली. पुन्हा बांधली, पुन्हा गेली. मग ते म्हणाले, झाड लावतो.

यावर सगळी कॉलनी सल्ला द्यायला बसली. कोणी म्हणे सुबाभूळ लावा, कोणी गुलमोहर, कोणी बदाम. भाऊंनी प्रत्येकाला एकच विचारलं, "मे महिन्यात पानं राहतात का?" आमचा जिल्हा जंगलाचा म्हणून बाहेरच्यांना वाटतं इथे सावलीच सावली असेल. मार्चनंतर येऊन बघा. साग नागडा, मोहही नागडा. मोहफुलं वेचायला झाडाखाली बसलेल्या बाईच्या डोक्यावर पदराशिवाय काही नसतं. कडुनिंबसुद्धा फाल्गुनात एकदा झडून निघतो. ज्या दिवसांत सावली पाहिजे नेमके त्याच दिवसांत आमची झाडं पानं टाकून मोकळी होतात, ती त्यांची जगायची रीत आहे, त्यांना दोष कसा देणार? भाऊंना बारा महिने हिरवं राहणारं, दाट सावलीचं आणि आमच्या दिवसाआड येणाऱ्या नळावर अवलंबून नसलेलं झाड पाहिजे होतं. बरीच विचारपूस करून त्यांनी रोपवाटिकेतून बकुळ आणली. रोप देणाऱ्याने बजावून सांगितलं होतं की ही फार हळू वाढते. भाऊंनी विचारलं, "पन वाढते ना?"

बकुळ म्हटलं की आपल्या लोकांना लगेच पुस्तकात ठेवलेली फुलं आणि कोणाची तरी आठवण सुचते. भाऊंना फुलांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना चटई पाहिजे होती, उभी.

पहिलं रोप त्यांनी मारलं. त्याची कथा अशी की ज्या गिलासाने शावूला पाणी पाजायचे त्याच गिलासाने ते रोपालाही पाजायचे. सकाळी तिला एक, रोपाला एक. ड्यूटीवरून आल्यावर तिला दोन, रोपाला दोन. आमची माती धानाची, चिकट, खड्ड्यात पाणी धरून बसणारी. पावसाळा लागला, वरून आभाळ आणि खालून भाऊ. पानं पिवळी पडली तेव्हा तहान लागली समजून त्यांनी पाणी वाढवलं. उपटून पाहिलं तर मुळं काळी, कुजकी. भाऊ ते रोप हातात धरून माझ्या दारात आले. "बाई, म्या याले पान्यानं मारलं." मी म्हटलं, दुसरं आणा, त्यात काय एवढं. ते म्हणाले, "एकीले पानी नाई देल्लं तर मरते, दुसरीले देल्लं तर मरते. एका घरात दोन कायदे कसे चालवू मी?"

पण चालवले. दुसऱ्या रोपासाठी त्यांनी उन्हाळ्यात खड्डा खणला आणि तो तसाच तापू दिला. तळाशी विटांचे तुकडे टाकले, वर गावतलावातला गाळ, जुनं शेणखत आणि रेती. पावसाळ्याच्या तोंडावर रोप लावलं, भिंतीपासून चांगलं लांब, बुंध्याभोवती माती चढवून, म्हणजे पाणी साचायला नको. उन्हाळ्यात त्याच्या पायाशी तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाड थर दिला. शेजारी एक साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि त्यात पाणी भरून ठेवायचे, ते झिरपून जेवढं मिळेल तेवढं. पुढच्या वर्षी मडकं आठवड्याने भरायला लागले, त्याच्या पुढच्या वर्षी काढूनच टाकलं. वरवर पाणी दिलं की मुळं वरच पसरतात, तरसली की खाली जातात, असं ते सांगत. मे महिन्यात कोवळे शेंडे माना टाकायचे. शीलाबाई धुण्याचं उरलेलं पाणी बादलीत घेऊन निघायची आणि भाऊ मध्ये आडवे व्हायचे. "नोको. जाऊ दे मुळं खाली." शीलाबाई तोंडाची तिखट, शावूने ते तिच्याकडूनच उचललेलं. ती म्हणायची, "एकीच्या मागं गिलास घेऊन धावता, आन दुसरीले तरसवता. तुमाले बाप कोन म्हनन?"

खरोखर, दुपारी कोणी आमच्या मागच्या अंगणात उभं राहिलं असतं तर त्याला भाऊ वेडे वाटले असते. एका हातात भरलेला गिलास, खिडकीतून आत घातलेला, "पी बेटा, पी," आणि पाठीमागे काही पावलांवर सुकून उभं असलेलं रोप, त्याच्याकडे मुद्दाम केलेली पाठ.

शावू खिडकीत बसून त्या रोपाकडे बघायची. दुखणं उठलं की तिला झोपवत नसे, बसवतही नसे. ती गज धरून उभी राहायची आणि ओठ चावायची. बरं वाटलं की लगेच वात्रटपणा सुरू. "मावशी, प्रवाशांनी लक्ष द्यावे. झाड अजून खिडकीच्या खालीच आहे." त्या काळात एका हिवाळ्यात वडशाच्या एका नाटक कंपनीचा प्रयोग गावात होता आणि जाहिरातीचा ऑटो फिरवणाऱ्याचा घसा बसला. शावूने त्याला आपल्या आवाजात जाहिरात भरून दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या ब्रह्मपुरीत तिचा आवाज फिरत होता, "रसिक मायबाप, विसरू नका, चुकवू नका." ऑटो बसस्थानकावरून गेला तेव्हा भाऊंनी आपला माईक बंद केला आणि काचेबाहेर येऊन उभे राहिले. नागभीडची गाडी त्यांच्या समोरून सुटली, तिची घोषणा राहून गेली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या वाहकांना चहा पाजला. इतक्या आनंदात मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

मग किशोरचं लग्न निघालं. किशोर म्हणजे भाऊंच्या मोठ्या भावाचा मुलगा, आरमोरीचा. मुलगी त्याच्या पसंतीची होती. भाऊंनी हट्ट धरून दोघांचं रक्त तपासायला लावलं. दोघांच्याही रक्तात तेच निघालं. भाऊ बैठकीला शावूला घेऊन गेले. भर लोकांत ते बोलायला उभे राहिले आणि घाबरल्यामुळे असेल, तोंडातून सवयीने निघालं, "कृपया लक्ष द्यावे." लोक हसले. ते हसू ओसरेपर्यंत भाऊ थांबले आणि मग म्हणाले, "हे लगन करू नोका. माझ्या पोरीकडं पाहा आन मंग ठरवा." शावू बायांमध्ये बसलेली होती. सगळ्या बैठकीने तिच्याकडे पाहिलं. मोठा भाऊ म्हणाला, "चारातला एक आमच्याच वाट्याले येते का? तुह्यासारखं सगळ्याइचं होत नसते. आन तूच नाई का म्हनत होता, आमी काही जुळवत नाई म्हनून?" लग्न ठरल्याप्रमाणे झालं.

त्या संध्याकाळी ते दोघं परत आले तेव्हा मी भाजी निवडत होते. भिंतीपलीकडून शावूचा आवाज आला. वात्रट नाही, साधा.

"बाबा, मी झाली नसती तर बरं होतं, असंच सांगतलं ना तुमी त्याइले?"

मी भाजी निवडायची थांबले. मग भाऊंचा आवाज आला, "पानी पेली का तू?" आणि शावू जोरात रडायला लागली. इतक्या वर्षांत दुखण्याने ती रडलेली मी ऐकली नव्हती, त्या दिवशी ऐकली. मला भाऊंचा राग आला, आणि तो नेमका कशाचा हे काही मला ठरवता आलं नाही. ते बोलले ते खरंच होतं. फक्त जिच्या जिवावर ते खरं होतं, ती तिथे बसलेली होती.

त्यानंतर नातेवाईकांनी भाऊंना लग्नाच्या बैठकींना बोलावणं सोडलं. ते न बोलावता जात. बैठकीच्या कडेला खुर्ची घेऊन बसत आणि मुलाच्या बापाला हळूच विचारत, "रक्त तपासलं का?" लोक तोंड फिरवत. काही बाया तर त्यांना अपशकुनी म्हणायला लागल्या, ज्या घरातून शकुन-अपशकुन नदीत सोडून दिले होते त्याच घरातल्या बाया. किती जणांनी त्यांचं ऐकलं? माझ्या माहितीत एकानेही नाही.

शावू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाचा एप्रिल. बकुळीचा शेंडा खिडकीच्या निम्म्यापर्यंत आला होता. खालच्या दोन गजांना दुपारी सावली मिळायची, वरच्या गजांतून ऊन थेट कॉटवर. शावू जमिनीवर चादर टाकून त्या सावलीच्या पट्ट्यात अंग चोरून अभ्यास करायची. पट्टा सरकला की तीही सरकायची. परीक्षा तोंडावर होती. एक दिवस ताप भरला, मग छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. गाडी करून नागपूरला निघाले. भाऊंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि चमच्याने पाणी पाजत होते. उमरेडच्या पुढे पाणी ओठांच्या कडेने बाहेर यायला लागलं. तरी भाऊ चमचा भरतच राहिले, हे मला शीलाबाईने सांगितलं. ड्रायव्हरनेच मग गाडी बाजूला घेतली.

दुःखात भेटायला येणारी माणसं काय काय बोलतात, त्याची मला चीड आहे. कोणी म्हणालं, सुटली बिचारी. एक बाई म्हणाल्या, "भाऊ, आता ह्या झाडातच पोरीले पाहा." शीलाबाई आत निघून गेली. भाऊ पायरीवर बसले होते, ते त्या बाईंना म्हणाले, "ते झाड हाये. माझी पोरगी मेली." बाईंना राग आला म्हणे. येऊ द्या.

नंतरची बकुळीची गोष्ट फार थोडी आहे, कारण तिला आता कोणाचीच गरज नव्हती. मुळं खाली पोचली होती. भाऊ तिच्याकडे बघत नसत, शीलाबाईने अंगणाचं मागचं दार लावून घेतलं होतं. पाणी नाही, खत नाही, आणि ती मात्र आता जोमाने फोफावली. दर उन्हाळ्यात सगळी कॉलनी करपून जायची, माझ्या जास्वंदी मेल्या, आणि बकुळ काळपट हिरवी, चकचकीत. फुलं आली. शीलाबाई ती केराबरोबर लोटून टाकायची. एकदा तिने लाकडंवाल्याला बोलावलं आणि झाड तोडायला सांगितलं. भाऊ नुकतेच निवृत्त झाले होते, घरीच होते. ते नको म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. लाकडंवाल्याने बुंधा पाहिला, एवढ्याशा कामासाठी आलो का म्हणून कुरकुरला आणि निघून गेला. पुन्हा कोणी त्याला बोलावलं नाही.

मग माझा नवरा गेला आणि मी चंद्रपूरला मुलाकडे राहायला जायचं ठरवलं. सामान लावायला महिनाभर तिकडेच होते, परत आले ती शेवटची आवराआवर करायला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला निमगड्यांकडे गेले. मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. मागून लहान मुलाच्या किरकिरण्याचा आवाज आला. मला वाटलं भिंतीपलीकडून येतोय, पण भिंतीपलीकडे तर माझंच रिकामं घर होतं.

शावूच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पाय टाकला आणि अंगावर एकदम गारवा आला. बाहेर आग ओतत होती आणि त्या खोलीत हिरवट अंधार होता. पश्चिमेच्या पुऱ्या खिडकीवर बकुळीची पानं दाटली होती, उन्हाचा एक कवडसासुद्धा आत नव्हता. कॉटवर तीन-चार वर्षांचं पोर झोपलं होतं, अर्धवट झोपेत कण्हत होतं. त्याच्या हातांची बोटं सुजलेली होती. उशाशी भाऊ खुर्चीवर बसले होते. फार म्हातारे झाले होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दारापर्यंत आले.

"कोणाचं लेकरू?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"किशोरचं. त्याइचं घर टिनाचं हाये, आरमोरीले लय तपते. उन्हाळाभर इथीच ठेवतो म्हनलं मी."

"आणि किशोर? तो काही बोलला?"

"सोडाले आला तं माझ्या पाया पडला. म्या म्हनलो, ऊठ बाप्पा, गाडी सुटन तुही." आपलं म्हणणं खरं ठरल्याचं थोडंही समाधान त्या चेहऱ्यावर नव्हतं. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "खोली छान थंड झाली आहे, भाऊ."

"हो ना," ते म्हणाले. "सारे तेच म्हनून राह्यले. झाड कामी आलं म्हनतात." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "मले नोको होतं हे काम, बाई. ते बिनकामाचंच उभं राहिलं असतं तर चाललं असतं मले."

आत पोर जागं होऊन रडायला लागलं. भाऊंनी बाहीने डोळे पुसले, मला हाताने थांबा म्हटलं की जा म्हटलं ते समजलं नाही, आणि ते आत गेले.